लेक्टिन कॉलमवरून सुटलं. साखर सुटली का?

लेक्टिन म्हणजे ठरावीक साखर ओळखून धरणारं आणि त्यामुळे तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवणारं प्रथिन. सातारा-सांगलीत बसून त्यावर काम करायचं तर कच्च्या मालासाठी लांब जायला नको. कोरेगावचा वाघ्या घेवडा आहे, भुईमूग-सोयाबीन आहे, उन्हाळा सरताना पाटण-जावळीकडच्या फणसाच्या आठळ्या आहेत. म्हणूनच बरेच प्रोजेक्ट "एखादं स्थानिक बी घ्या" एवढ्या एका वाक्यावर सुरू होतात. त्या वाक्यावर बी निवडू नका. आधी त्यातलं लेक्टिन कोणती साखर धरतं, कोणत्या पेशी चिकटवतं आणि ते वेगळं काढायला कोणता कॉलम (त्याची साखर असलेला जेल भरलेली नळी) लागतो ते वाचा, मग पिशवी घेऊन बाजारात जा.

कारण प्रत्येक बियाची एकेक खोड आहे. भुईमुगाचं लेक्टिन गॅलॅक्टोज आणि एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसमीन यांची एक ठरावीक जोडी ओळखतं, आणि माणसाच्या तांबड्या पेशींवर ती जोडी सायलिक ॲसिडखाली झाकलेली असते. साध्या पेशी वापरल्या तर पेशी चिकटण्याच्या चाचणीची प्लेट कोरी येते आणि विद्यार्थी लिहून मोकळा होतो, की या वाणात लेक्टिनच नाही. पेशींवर सायलिक ॲसिड काढणारं न्यूरामिनिडेझ हे एन्झाइम फिरवा, मग बघा. घेवड्याचं लेक्टिन, पीएचए, उलट्या तऱ्हेचं. ते पेशी जोरात चिकटवतं, पण ग्लुकोज, मॅनोज, गॅलॅक्टोज कशानेच अडत नाही. त्याला एन-ग्लायकनची, म्हणजे प्रथिनावरच्या साखरांची, अख्खी गुंतागुंतीची साखळी हवी असते, म्हणून तशी साखळी असलेलं थायरोग्लोब्युलिन किंवा फेट्युइन हे प्रथिन वापरावं लागतं आणि कॉलमही त्यांचाच लागतो, म्हणजे खर्च आला. सोयाबीनला आधी तेल काढायची कटकट. आठळीतलं जॅकलिन मात्र नवख्याला झेपणारं आहे: भरपूर मिळतं, ए-बी-ओ सगळ्या गटांच्या पेशी चिकटवतं, धातूचे आयन लागत नाहीत. अर्क तपकिरी होतो एवढाच त्रास. निवड तुमच्या हातात असेल तर आठळी घ्या.

एरंड आणि गुंज यांच्या वाटेला जाऊ नका. लेक्टिनशास्त्राची सुरुवात १८८८ मध्ये एरंडावरच्या कामापासून झाली हे खरं, पण त्यातलं विष रिसिन आज रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याचं काही काम नाही. कोणी सीनिअर "काही होत नाही" म्हणाला तर त्याला नमस्कार करा आणि निघा.

आता रक्त. सशाच्या पेशी सगळ्यात संवेदनशील, पण प्राणी-प्रयोग नैतिक समितीची मंजुरी लागते. मिरजेत रक्तपेढ्या आहेत. तिथली मुदत संपलेली पिशवीही संस्थेच्या समितीच्या कागदाशिवाय मागू नका. बकरीचं रक्त मिळायला सोपं, पण बकरीच्या तांबड्या पेशी फार लहान असतात आणि सावकाश बसतात. तासाभरात बटण (न चिकटलेल्या पेशींचा तळाशी बसलेला ठिपका) दिसलं नाही म्हणजे चिकटल्या असं समजू नका, लेक्टिन नसलेल्या कंट्रोलमध्ये बटण बसेपर्यंत थांबा. रक्त कुठलंही असो, सायट्रेट किंवा ईडीटीए पूर्ण धुवून काढा: ५०० जी (गुरुत्वाच्या ५०० पट), ५ मिनिटं, निदान ३ वेळा, शेवटचा वरचा द्रव बिनरंगी दिसेपर्यंत. हे गोठणरोधक कॅल्शियम पकडून बसतात, आणि कॅल्शियमवर चालणारं लेक्टिन त्यांच्यामुळे निमूट बसतं.

प्लेटची पद्धत तुम्हाला माहीत आहे: यू-तळाची ९६ वेलची प्लेट, ५० मायक्रोलिटर बफर, ५० मायक्रोलिटर नमुना, निम्मं-निम्मं पुढे, मग २% पेशी ५० मायक्रोलिटर, हलवायचं नाही. फसवणूक दोन ठिकाणी होते. टॅनिनही पेशी चिकटवतं आणि सॅपोनिन पेशी फोडतं. फुटलेल्या वेलमध्ये बटण नसतं, द्रव गुलाबी असतो. त्याला पॉझिटिव्ह म्हणू नका. अर्काचा थोडा भाग १० मिनिटं उकळून शेजारी लावा. उकळूनही टायटर (नमुना किती पट पातळ करूनही पेशी चिकटवतो तो आकडा) तेवढंच राहिलं आणि कुठल्याच साखरेने अडलं नाही, तर ते टॅनिन असण्याची शक्यता जास्त.

अर्काबद्दल थोडक्यात. १०० ग्रॅम पीठ, तेलबी असेल तर हेक्सेनने तेल काढून वाळवलेलं, १ लिटर पीबीएसमध्ये (फॉस्फेट-सलाइन बफर), ४ अंशांवर रात्रभर ढवळा. आठळीसाठी १ ते २% पीव्हीपीपी (टॅनिनसारखे पदार्थ धरणारी पूड) सुरुवातीलाच घाला, अर्क काळा पडल्यावर घालून उपयोग नाही. मलमलीतून गाळा, १०,००० जी वर ३० मिनिटं फिरवा. जी म्हणजे जी, आरपीएम नव्हे. रोटर बदलला की आरपीएमला अर्थ उरत नाही. अमोनियम सल्फेटचं कोष्टक कोणत्या तापमानाचं आहे ते बघा: शून्यापासून ८०% संपृक्ततेसाठी २५ अंशांवर लिटरला ५६१ ग्रॅम लागतात, ० अंशांवर ५१६. बर्फात ठेवलेल्या अर्कात २५ अंशांच्या कोष्टकाने मीठ घातलं तर नको ती प्रथिनंही खाली येतात. मीठ चिमटीचिमटीने घाला, फेस येऊ देऊ नका.

कॉलमसाठी पैसे नसणं ही मोठी अडचण नाही, असं माझं ठाम मत आहे. ग्लुकोज-मॅनोज धरणाऱ्या लेक्टिनसाठी सेफाडेक्स, म्हणजे ग्लुकोजच्या साखळीचा (डेक्स्ट्रानचा) जेल, हाच कॉलम आहे. अगरवाल आणि गोल्डस्टाइन यांनी १९६५ मध्ये कॉनकॅनॅव्हॅलिन ए हे लेक्टिन डेक्स्ट्रानच्या जेलवर बसतं हे दाखवलं, ते आजही तसंच चालतं. गॅलॅक्टोजवाल्यांसाठी गवार गम एपिक्लोरोहायड्रिनने जोडून घरचा कॉलम होतो. एपिक्लोरोहायड्रिन कर्करोगकारक आहे, फ्यूम हूडबाहेर बाटली उघडायची नाही. हा जेल दाबला जातो, म्हणून उंच कॉलम भरू नका आणि पंप लावून घाई करू नका. पण एकदा हा कॉलम हाताने बनवला की काय कशाला धरतंय हे जितकं कळतं तितकं तयार कार्ट्रिज जोडून कळत नाही. "किट मागवा" म्हणणारे गाइड वेळ वाचवतात, समज नाही.

कॉलम बफरने धुवा, २८० नॅनोमीटरचं वाचन ०.०२ च्या खाली आलं की ०.२ मोलर गॅलॅक्टोज सोडा. शिखर येतं, आनंद होतो. आणि इथेच सगळा घोळ सुरू होतो.

त्या शिखराच्या फ्रॅक्शनचं (गोळा केलेल्या भागाचं) टायटर घेतलं की शून्य येतं. प्रथिन आहे, जेलवर पट्टी आहे, पण पेशी चिकटत नाहीत. लेक्टिन मेलं, कॉलमने बिघडवलं, पीएच चुकला असे तर्क सुरू होतात आणि फ्रॅक्शन सिंकमध्ये जातं. त्या लेक्टिनला काहीही झालेलं नसतं. त्याच्या खिशात तुम्हीच घातलेलं गॅलॅक्टोज बसलेलं असतं. साध्या साखरेशी लेक्टिनची पकड ढिली असते, विघटन स्थिरांक बहुधा दशांश मिलिमोलर ते काही मिलिमोलर. २०० मिलिमोलर साखरेत जवळजवळ सगळे खिसे भरलेले.

फ्रॅक्शन टाकण्याआधी प्लेट नीट वाचा. पहिल्या वेलमध्ये, पेशी घालण्याआधी, साखर १०० मिलिमोलर असते, दुसऱ्यात ५०, सहाव्यात साधारण ३. लेक्टिन भरपूर असेल तर पहिल्या काही वेलमध्ये बटण, मग मधेच चटई (चिकटलेल्या पेशींचा पसरलेला थर), मग पुन्हा बटण असं दिसतं. हे उलटं चित्र दिसलं तर घाबरू नका, उलट खूश व्हा.

साखर काढायला फ्रॅक्शन अर्धपारक नळीत भरून बफरमध्ये ठेवतात, ते डायलिसिस. त्याचं गणित एकदा कागदावर करा. १० मिलिलिटर फ्रॅक्शन, १ लिटर बफर. रात्रभर ठेवून पूर्ण समतोल आला तरी साखर साधारण शंभरपट कमी होते, म्हणजे २ मिलिमोलर उरते. तेवढी पकड अडवायला पुरते! दुसऱ्या बदलाला २० मायक्रोमोलर, तिसऱ्याला ०.२. म्हणून तीन बदल, प्रत्येक निदान ६ ते ८ तास, ४ अंशांवर, ढवळत. "एकदा रात्रभर ठेवलं की झालं" हा शॉर्टकट प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि तो चुकीचा आहे. नळी भरताना एक तृतीयांश रिकामी ठेवा, आतल्या साखरेमुळे पाणी ओढलं जातं आणि टम्म फुगलेली नळी गाठीपाशी सुटते. साखर गेली का हे तपासायला शेवटच्या बदलाचा बाहेरचा बफर आणि ताजा बफर, दोन्हींवर साखर दाखवणारी फिनॉल-सल्फ्यूरिक चाचणी शेजारी शेजारी करा. रंगात फरक दिसता कामा नये.

घाई आहे म्हणून कोणी सेफाडेक्स जी-२५ वर डिसॉल्टिंग (जेलमधून जाताना साखरेसारखे लहान रेणू मागे पाडणं) सुचवेल. जॅकलिनला चालेल. कॉनकॅनॅव्हॅलिन ए, मसूर, वाटाणा यांच्या लेक्टिनला अजिबात नाही: जी-२५ सुद्धा डेक्स्ट्रानच आहे. साखर मागे पडली की लेक्टिन तिथेच चिकटतं आणि तुम्ही रिकामे थेंब गोळा करत बसता. त्यांच्यासाठी पॉलिॲक्रिलामाइडचा जेल किंवा अपकेंद्री कॉन्सन्ट्रेटर.

उरलेली साखर टायटरपुरती थांबत नाही. गॅलॅक्टोज, लॅक्टोज या क्षपणकारी साखरा प्रथिन मोजायच्या बीसीए चाचणीत रंग देतात, प्रथिन जास्त दिसतं आणि विशिष्ट सक्रियता (दर मिलिग्रॅम प्रथिनामागची सक्रियता) पडते. ब्रॅडफर्ड चाचणी यात बरी. त्याहून वाईट म्हणजे ग्लायकोप्रोटीनचा (साखर जोडलेल्या प्रथिनाचा) आभास. शुद्ध लेक्टिनवर फिनॉल-सल्फ्यूरिक करून "५% कार्बोहायड्रेट" असं लिहिलेलं असतं आणि ती साखर निव्वळ कॉलमची असते. सोयाबीनचं लेक्टिन आणि पीएचए खरोखर ग्लायकोप्रोटीन आहेत. कॉनकॅनॅव्हॅलिन ए आणि भुईमुगाचं लेक्टिन नाहीत. त्यामुळे भुईमुगाच्या लेक्टिनमध्ये साखर सापडली तर शोधनिबंध लिहायच्या आधी डायलिसिस करा.

डायलिसिसचा बफरही विचार करून निवडा. कॉनकॅनॅव्हॅलिन ए ला कॅल्शियम आणि मँगेनीज लागतं, ते फॉस्फेट बफरमध्ये घातलं की गढूळ साका बसतो. ट्रिस-सलाइन घ्या. नुसत्या पाण्यात कोणतंच लेक्टिन टाकू नका, क्षार कमी झाले की काही प्रथिनं बाहेर पडतात.

प्राण्यांकडे वळलं की हीच साखर अर्कापासूनच सोबत असते. बकरीच्या हृदयातून किंवा फुप्फुसातून गॅलेक्टिन हे प्राण्यांचं लेक्टिन काढताना बफरमध्ये ०.१ मोलर लॅक्टोज मुद्दाम घालतात, कारण गॅलेक्टिन ऊतीतल्या ग्लायकनला धरून बसलेलं असतं. म्हणजे कच्च्या अर्काचं टायटर शून्य येणारच, आणि डायलिसिस न करता तो लॅक्टोजच्या कॉलमवर घातला तर बसणारही नाही. शिवाय गॅलेक्टिन-१ मधली सिस्टेइन अमिनो आम्लं हवेने ऑक्सिडाइझ होतात, २ ते ४ मिलिमोलर मर्कॅप्टोइथेनॉल शेवटपर्यंत ठेवा. खाटकाकडून माल बर्फात आणा, त्याच दिवशी वाटा. कॅल्शियमवाल्या सी-प्रकारच्या लेक्टिनचा मार्ग वेगळा: ५ ते १० मिलिमोलर कॅल्शियममध्ये बसवा, ईडीटीएने सोडवा. तिथे साखर नाही, पण कॅल्शियम परत घालायला विसरलात तर पुन्हा तेच शून्य.

गुणधर्म तपासताना एसडीएस-पेज (घटकांचा रेणुभार दाखवणारा जेल) मर्कॅप्टोइथेनॉलसह आणि त्याशिवाय, दोन्ही चालवा. जेल फिल्ट्रेशनमध्ये सुपरडेक्ससारखे जेल डेक्स्ट्रान-ॲगारोजचे असतात, लेक्टिन त्यांना अडखळत उतरतं आणि रेणुभार कमी दिसतो. टेट्रामरचा (चार घटकांचा रेणू) डायमर (दोन घटकांचा) "शोधण्याआधी" ०.१ मोलर साखर असलेल्या बफरमध्ये पुन्हा चालवा. कॉनकॅनॅव्हॅलिन ए मात्र पीएच ६ च्या खाली खरोखर डायमर होतं, त्यामुळे पीएच लिहिल्याशिवाय रेणुभार लिहू नये.

साखर-अवरोधासाठी ४ एकक लेक्टिन घ्या, साखरेसोबत तासभर ठेवा, मग पेशी. साठवण द्रावणांचा पीएच मोजा: ग्लुकोसमीन हायड्रोक्लोराइड, ग्लुक्युरॉनिक ॲसिड, सायलिक ॲसिड ही आम्लधर्मी असतात आणि अडवतो तो पीएच, साखर नव्हे. धातूंची गरज तपासताना उदासीन पीएचला थोडं ईडीटीए घालून "धातू लागत नाहीत" म्हणू नका. शेंगवर्गीय लेक्टिन धातू घट्ट धरतात, ते काढायला आम्ल पीएच लागतो.

शुद्धीकरणाच्या तक्त्यात "७.३४ पट" लिहायचा मोह आवरा. टायटर दुपटीच्या पायऱ्यांनी चालतं, एका वेलचा फरक म्हणजे ६४ चे १२८. दशांशाला तिथे जागा नाही. उत्पन्न १००% च्या वर गेलं तर तेही लपवू नका: कच्च्या अर्कातले अवरोधक निघून गेले की असं होतं, आणि व्हायवात हे सांगता आलं की परीक्षक पुढे सरकतात.

साठवताना छोटे भाग करून उणे २० ला ठेवा. विजेचा भरवसा नसेल तर फ्रीझरमध्ये सोडियम क्लोराइडचं गोठवलेलं द्रावण ठेवा, नुसत्या बर्फापेक्षा ते कमी तापमानाला वितळतं. ४ अंशांवर ठेवायचं असेल तर ०.०२% सोडियम अझाइड चालतं, पण ते विषारी आहे. तोच नमुना पेशींच्या कल्चरवर घालणार असाल तर आधी तेही डायलिसिसने काढा, नाहीतर पेशी अझाइडने मरतील आणि नाव लेक्टिनचं होईल.