रेसिडेन्सीनंतर खानदेशात नोकरी: आकड्याआधी रात्र तपासा

एमडी-एमएसचा निकाल लागला की फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, अपेक्षा किती?" उत्तराची घाई करू नका. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या नोकऱ्यांत पगारापेक्षा मोठा फरक पडतो तो रात्री दोन वाजता तुमच्या मदतीला कोण येतं याने.

आधी कागदपत्रं. नव्या पदवीची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे अतिरिक्त अर्हता म्हणून लगेच नोंद करा. बंधपत्राचं (शासकीय सेवेच्या सक्तीचं) वर्ष बाकी असेल आणि पुढे शिकवायची इच्छा असेल, तर धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या शासकीय महाविद्यालयात सीनियर रेसिडेंटची (एमडी-एमएसनंतरच्या निवासी डॉक्टरची) जागा मिळते का पाहा. सहायक प्राध्यापकपदासाठी सहसा तो अनुभव लागतो. सेवा पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागा जिल्ह्याच्या आणि जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळांवर येतात. भुसावळच्या रेल्वे रुग्णालयावरही लक्ष ठेवा. खासगी जागा मात्र तोंडीच फिरतात. त्यासाठी गावातल्या भूलतज्ज्ञाला भेटा. तो एका दिवसात चार-पाच थिएटरं फिरतो. कुठे ऑटोक्लेव्ह (उपकरणं वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) नीट चालतं, कुठे सक्शन (रक्त-स्राव ओढून घेणारं यंत्र) ऐन वेळी दगा देतं, कोण पैसे वेळेवर देतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

मग रुग्णालय पाहायला जा, पण रात्री नऊनंतर. मालक दाखवतील ते पाहाच, शिवाय ड्युटीवरच्या सिस्टरशी निवांत बोला. व्हेंटिलेटर ऑक्सिजनला जोडलेला आहे की कव्हरखाली झाकलेला? रात्रीचा आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) इंट्युबेशन, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालणं, करू शकतो का? रक्ताची पिशवी गावातच मिळते की जळगावहून किंवा धुळ्याहून आणावी लागते, आणि आणायला जातं कोण? स्त्रीरोगतज्ज्ञाने तातडीच्या सिझेरियनला भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोचतो ते विचारावं. फिजिशियनने सर्पदंशाच्या लसीच्या कुप्या मोजाव्यात: एका विषबाधित रुग्णाला सुरुवातीलाच 8 ते 10 लागतात. धडगाव-अक्कलकुव्याकडे सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) नेहमीचा, आणि भिली-पावरी या तिथल्या बोली जाणणारी सिस्टर शिफ्टला नसेल तर हिस्टरी अर्धवटच राहते.

रेडिओलॉजिस्टसाठी एक वेगळी अट: पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याच्या) नियमांनुसार एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर सोनोग्राफी करता येते. जळगाव, भुसावळ आणि चोपडा अशा तिन्ही ठिकाणी तुम्हाला बसवायचा बेत कुणी मांडला तर तिथेच नाही म्हणा.

आता पैसे. "60 टक्के शेअर" ऐकायला छान वाटतं, पण कशाचे 60 टक्के? समजा ऑपरेशनचं बिल 60,000 आणि त्यात सर्जनची फी 20,000. तुम्ही 12,000 धरून चालता. डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना 8,000 सूट दिली गेली आणि ती सगळी सर्जनच्या फीतून वळती केली, तर तुमच्या हातात 7,200 येतात. म्हणून सूट कुणाच्या वाट्यातून जाईल ते करारात लिहून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये तुमचा हिस्सा किती, आणि तो क्लेमचे पैसे आल्यावर मिळणार की महिन्याच्या महिन्याला, हेही लिहून घ्या. योजनेच्या रुग्णांवर चालणाऱ्या रुग्णालयात पैसे अडकतात ते इथेच. मिनिमम गॅरंटी (शेअर कमी पडला तरी मिळणारी ठरलेली रक्कम) असेल तर ती किती महिने, आणि "गॅरंटी किंवा शेअर, जे जास्त ते" हे शब्द हवेतच. पगाराऐवजी प्रोफेशनल फी देणार असतील तर साधारणपणे 10 टक्के टीडीएस कापला जातो आणि पीएफ नसतो. तुलना करताना ते धरा. रुग्ण पाठवणाऱ्यांना कट द्यावा लागेल असं सुचवलं, तर पुढची बोलणी करू नका. त्याचा भार शेवटी रुग्णाच्याच बिलावर येतो आणि नोंदणी पणाला लागते ती तुमची.

मूळ प्रमाणपत्रं किंवा सही केलेले कोरे चेक कुणाकडेही ठेवू नका. नोकरी सोडल्यावर "या तालुक्यात प्रॅक्टिस करायची नाही" अशी अट कायद्यापुढे सहसा टिकत नाही, पण नोटीस पिरियडचं कलम टिकतं. ते दोन्ही बाजूंना सारखंच हवं.

इन्डेम्निटी पॉलिसी (रुग्णाने भरपाई मागितली तर संरक्षण देणारा विमा) स्वतःच्या नावाने काढा. रुग्णालयाच्या पॉलिसीत तुमचं नाव असेलच असं नाही. शिवाय ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते आणि या पॉलिसी बहुधा दावा येतो त्या वेळी चालू असाव्या लागतात. म्हणून नोकरी बदलली तरी खंड पडू देऊ नका, आणि नूतनीकरणात पूर्वलक्षी तारीख (जिच्यापासूनच्या उपचारांना संरक्षण मिळतं ती) जुनीच राहिली आहे ना, ते पॉलिसीच्या कागदावर स्वतः वाचा.