साठीनंतर मेंदूसाठी चालायचे कसे

आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात सत्तरी ओलांडलेली बहुतेक माणसे आपण रोज चालतो असे सांगतात आणि ते खरेही असते. सकाळी देवळापर्यंत, मग भाजीला, संध्याकाळी शेजारच्या सोप्यावर. माझी ७१ वर्षांची आईही हेच सांगत असे. दोन वर्षांपूर्वी भजनाला बसल्यावर वर्षानुवर्षे पाठ असलेली ओळ ऐन वेळी सुचत नाही, हे तिच्या स्वतःच्याच लक्षात आले. डॉक्टरांनी तपासण्या करून स्मृतिभ्रंशाची लक्षणे नसल्याचे सांगितले, रक्तदाबाची गोळी बदलली आणि ‘व्यायाम करा’ असा सल्ला दिला. व्यायाम कोणता, किती वेळ आणि किती जोराने, हे मात्र कोणी सांगितले नाही. ते वाचून आणि विचारून मी जे शिकलो, ते येथे लिहीत आहे.

आधी मेंदूत काय घडते ते पाहू, कारण ते कळले की चालण्याचा वेग का महत्त्वाचा हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. नव्या आठवणी साठवण्याचे काम प्रामुख्याने हिप्पोकॅम्पस या भागाकडे असते. उतारवयात, कोणताही आजार नसतानाही, हा भाग दरवर्षी सुमारे १ ते २ टक्क्यांनी आक्रसतो. अमेरिकेतील संशोधकांनी ५५ ते ८० वयाच्या १२० व्यक्तींचे दोन गट करून एका गटाला आठवड्यातून तीन दिवस भरभर चालायला लावले आणि दुसऱ्याकडून फक्त अंग ताणण्याचे हलके व्यायाम करून घेतले. २०११ मध्ये या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता आणि दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्क्यांनी घटला होता. स्मरणाच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले हेही नमूद केले पाहिजे, परंतु चालणाऱ्यांपैकी ज्यांचा हा भाग अधिक वाढला त्यांची स्मरणशक्तीही अधिक सुधारलेली आढळली.

ही वाढ होते कशी? व्यायामाने बीडीएनएफ नावाच्या प्रथिनाचे प्रमाण वाढते. १९८२ मध्ये शोध लागलेले हे प्रथिन चेतापेशींना तगवून धरते आणि त्यांच्यातील जोडण्या बळकट व्हायला मदत करते. अनुभवानुसार या जोडण्या बदलत राहण्याच्या क्षमतेलाच मेंदूची लवचीकता म्हणतात. शिवाय मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो आणि रक्तदाब व साखर आटोक्यात राहिल्याने बारीक रक्तवाहिन्यांची झीज कमी होते. माझ्या मते ज्येष्ठांसाठी हा शेवटचा लाभ सर्वांत भरवशाचा आहे. धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी अधिक तयार होतात हे १९९९ मध्ये दिसून आले. माणसाच्या बाबतीत, उतारवयात नव्या पेशी कितपत तयार होतात यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

जे होत नाही तेही सांगायला हवे, नाहीतर तीन महिन्यांत निराशा पदरी येते. ७० ते ८९ वयाच्या १६३५ बैठ्या जीवनशैलीच्या व्यक्तींवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन वर्षांच्या व्यायामानंतर एकूण बौद्धिक क्षमतेत आरोग्यविषयक व्याख्याने ऐकणाऱ्या गटापेक्षा फरक दिसला नाही. ज्यांचे वय ८० च्या पुढे होते किंवा ज्यांची शारीरिक ताकद सुरुवातीला कमी होती, त्यांच्यात नियोजन आणि लक्ष सांभाळण्याच्या कामांत मात्र थोडा फायदा दिसला. स्मृतिभ्रंश जडलेल्या रुग्णांवरील ब्रिटनमधील २०१८ च्या अभ्यासात जोरकस व्यायामाने बौद्धिक घसरण थांबली नाही. याउलट, फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांना दोन वर्षे व्यायाम, आहार, बुद्धीला चालना देणारे सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असे सगळे एकत्र दिले गेले, तेव्हा त्यांची बौद्धिक कामगिरी तुलनेच्या गटापेक्षा चांगली राहिली. त्यामुळे विस्मरणाने घर करण्याआधी सुरुवात करावी आणि एकट्या चालण्यावर सगळी भिस्त ठेवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. हृदयविकार, मधुमेह, गुडघेदुखी किंवा अलीकडे पडल्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी विचारावेच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात खडीसाखर ठेवावी. छातीत दडपण, घेरी किंवा एकाएकी बोलणे अडखळणे यांपैकी काहीही जाणवले तर जागीच बसून १०८ क्रमांकावर फोन करावा. घरापर्यंत चालत जाऊन पाहू, असे करू नये.

पहिल्या आठवड्यात १० मिनिटांपेक्षा अधिक चालू नये. वर सांगितलेल्या २०११ च्या अभ्यासातही १० मिनिटांनीच सुरुवात झाली, दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवली गेली आणि सातव्या आठवड्यात ४० मिनिटांवर आणून तेथेच स्थिर ठेवली गेली. हा क्रम मला इतका समंजस वाटला की आईसाठी मी तो जसाच्या तसा घेतला. पुढे जमल्यास आठवड्यातील दिवस तीनावरून चार-पाचांवर न्यावेत, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम वेगाचा व्यायाम अपेक्षित आहे. प्रत्येक फेरीची पहिली आणि शेवटची काही मिनिटे सावकाश चालावे.

वेग योग्य आहे की नाही हे ओळखायला घड्याळ किंवा यंत्र लागत नाही. चालताना सोबतच्या माणसाशी बोलता यावे, पण गाता येऊ नये, ही कसोटी पुरेशी आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडीचा वेग फारसा वाढत नाही, अशांसाठी तर ठोके मोजण्यापेक्षा हीच कसोटी बरी. आईला हे सांगितले तेव्हा तिने शाळेच्या मैदानाच्या कडेने तिच्या नेहमीच्या वेगाने चालत एक अभंग म्हणायला सुरुवात केली आणि अख्खे कडवे एकाही ठिकाणी न अडता पूर्ण केले. मग पावले भरभर टाकायला सांगितले. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर तिचा श्वास तुटला, ती थांबली आणि म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं मी नुसती फिरत होते.” देवळापर्यंतचे तिचे चालणे निरुपयोगी होते असे नव्हे, पण मेंदूसाठी हवा तो ताण त्यात येत नव्हता.

गोव्यात खरी अडचण हवामानाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत सूर्य थोडा वर आला की दमट उष्म्याने रक्तदाब खाली येतो आणि तोल जातो, म्हणून उजाडताच निघून उन्हाच्या आत परतावे आणि निघण्यापूर्वी एक पेला पाणी प्यावे. जूनपासून चिऱ्याच्या पायऱ्यांवर आणि कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागायतीच्या, वाटांवर शेवाळ धरते. तेथे एका हातात छत्री घेऊन चालणे म्हणजे खुब्याच्या हाडाशी खेळ आहे. पावसाळ्यात आम्ही जवळच्या देवळाच्या सभामंडपात, गर्दी नसेल अशा वेळी, फेऱ्या घालतो. ओल्या पावलांनी गुळगुळीत फरशीवर पाय सरकतो, म्हणून आई आधी पाय कोरडे पुसते आणि मगच वेग धरते. घराचा सोपा लांब असेल तर तोही चालतो, फक्त वळताना गर्रकन न वळता मोठे वळण घ्यावे. रस्त्याने जाणाऱ्यांनी स्लिपर घरी ठेवून टाच धरून ठेवणारे बूट घालावेत आणि पदपथ नसलेल्या अरुंद रस्त्यांवर समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या बाजूने चालावे.

चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम हवेतच. ६५ ते ७५ वयाच्या स्त्रियांवर कॅनडात झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभर आठवड्यातून एक-दोनदा वजनाचे व्यायाम केल्याने लक्ष केंद्रित ठेवण्याची क्षमता सुधारली होती. घरी यासाठी भिंतीला टेकवलेली हात नसलेली खुर्ची पुरते. छातीशी हात बांधून दहा वेळा उठावे-बसावे. बसताना धपकन न बसता तीन आकडे मोजत खाली यावे, कारण मांडीचे स्नायू तेव्हाच खरे कामाला लागतात. मग ओट्याला बोटे टेकवून टाचा उचलाव्यात आणि भिंतीला तळवे लावून हातांनी शरीर ढकलावे. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलोचे वजन, ते उचलण्यासाठी पुरे. तोलाचा सराव आठवड्यातून तीन दिवस करावा. ओट्याशेजारी एका पायावर दहा आकडे उभे राहण्यापासून सुरुवात करता येते.

व्यायामाने सैल झालेली माती रिकामी ठेवू नये, तिच्यात काही पेरावे, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जर्मनीतील २०१७ च्या एका अभ्यासात ज्येष्ठांच्या एका गटाला दीड वर्ष सतत नवनवे नृत्यप्रकार शिकवले गेले आणि दुसऱ्या गटाला नेहमीचा व्यायाम दिला गेला. हिप्पोकॅम्पस दोन्ही गटांत वाढला, पण तोल फक्त नृत्य शिकणाऱ्यांचा लक्षणीय सुधारला. आपल्याकडे पौषात मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या अंगणात, होणाऱ्या धालो या स्त्रियांच्या लोकनृत्यात समोरासमोरच्या रांगांत पुढे-मागे टाकलेली पावले, लय आणि गाणे एकत्र येतात, म्हणून साठीनंतरच्या स्त्रियांना तो प्रकार मी आवर्जून सुचवतो. फुगडीतील गिरक्या मात्र तोल जात असेल तर टाळाव्यात. नृत्य नको असेल त्यांनी चालून आल्यावर नवा अभंग, नाटकातील एखादा प्रवेश किंवा वाद्य शिकावे, फक्त ते आधी न येणारे असावे. पाठ असलेलेच पुन्हा म्हटल्याने नव्या जोडण्यांना फारसे काम मिळत नाही.

चालता चालता डोक्याला काम देण्याचा एक साधा प्रकारही आहे आणि तो सपाट, मोकळ्या जागीच करावा. गणपतीच्या माटोळीला, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायच्या चौकटीला, बांधायच्या वस्तू आई चालताना क्रमाने आठवते: नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, चिबूड, कवंडळे. मग तीच यादी उलट्या क्रमाने. बोलायला लागले की पाय थबकत असतील, तर पडण्याचा धोका वाढल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी हा सराव थांबवून आधी तोलावर काम करावे आणि डॉक्टरांच्याही कानावर घालावे.

नोंद ठेवायला एक साधी वही पुरे: तारीख, मिनिटे आणि त्या रात्रीची झोप. खंड पडणारच. गेल्या वर्षी चवथीची पाहुणेमंडळी आणि मागोमाग आलेला ताप यांमुळे आईची वही १७ दिवस कोरी राहिली. त्यानंतर तिला एकदम ४० मिनिटे चालू न देता आम्ही २५ मिनिटांपासून पुन्हा सुरुवात केली, आठवड्याला ५ मिनिटे वाढवली, आणि चौथ्या आठवड्यात तिने स्वतःच्या अक्षरात वहीत पुन्हा ४० लिहिले.