भांडं उलटं करा आणि बुडाला विचारा

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीतल्या आमच्या कपबश्यांच्या दुकानात शिरलं आणि आठवडाभर मुक्काम करून गेलं. पाणी ओसरल्यावर गाळ उपसला, उरलेला माल घरच्या गच्चीवर नेला, साबणाच्या पाण्यात धुतला आणि उन्हात मांडला. धुतल्या धुतल्या सगळंच स्वच्छ दिसत होतं. दोन दिवसांनी मात्र मालाचे सरळ दोन भाग पडले. पोर्सलीनच्या बश्या आणि लोणच्याच्या बरण्या कारखान्यातून नुकत्या आल्यासारख्या होत्या. फुलाफुलांच्या जाड डिनर सेटवर मात्र ग्लेझच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराच्या, खालून तपकिरी डाग वर आले होते. पुन्हा धुतले, दोनदा उकळत्या पाण्यातून काढले, तरी गरम पाणी ओतलं की गाळाचा वास यायचा. ते सेट मी विकले नाहीत, फोडून टाकले.

आमच्या अण्णांनी १९६४ साली हे दुकान काढलं. तेव्हापासून आजपर्यंत गिऱ्हाईक एकच शब्द वापरतं : चिनी माती. कप चिनी मातीचा, बरणी चिनी मातीची, संडासाचं भांडंही चिनी मातीचंच. पण या एका शब्दाखाली तीन-चार निरनिराळ्या जाती नांदतात. त्या घरच्या घरी ओळखता येतात, आणि ओळखताना सारखा एकच प्रश्न विचारायचा असतो : हे भांडं पाणी पितं का?

आधी पितं किंवा पीत नाही ते कशामुळे, हे समजून घ्या. रव्याचे लाडू करताना पाक रव्याच्या कणांमधल्या फटीत शिरतो, गार झाला की सगळं धरून ठेवतो. पोर्सलीनमध्ये, म्हणजे यातल्या सगळ्यात वरच्या जातीत, तेच होतं. त्यात मुख्य घटक तीन : केओलिन नावाची पांढरी माती, फेल्डस्पार नावाचा खनिज दगड आणि गारगोटीची पूड. जुनं ठोकळ प्रमाण सांगतात ते निम्मं केओलिन, पाव फेल्डस्पार, पाव गारगोटी. भट्टी साधारण १,२५० ते १,४०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. फेल्डस्पार वितळून काचेचा पाक होतो, सगळी छिद्रं भरतो, आणि केओलिनमधून मुलाइट नावाच्या खनिजाचे सुईसारखे बारीक स्फटिक तयार होऊन त्या काचेला आतून बळ देतात. भांडं गार होतं तेव्हा ते माती राहिलेलं नसतं.

माठाची, कुंडीची लाल माती हे सोसत नाही. तिच्यात लोह आणि इतर लवकर वितळणारे पदार्थ असतात, इतकी आच दिली तर ती बसकण मारते. म्हणून कुंभाराचा आवा साधारण ७०० ते ९०० अंशांतच थांबतो. पाक व्हायच्या आधीच गॅस बंद केल्यासारखं. कण एकमेकांना चिकटतात पण मधल्या फटी उघड्या राहतात, आणि त्यातूनच माठ पाझरतो, पाणी गार करतो. याला अर्थनवेअर म्हणतात. कारखान्यातलं पांढरं अर्थनवेअर ११०० अंशांच्या आसपास भाजतात, वर चकचकीत ग्लेझ देतात, आणि गिऱ्हाईक फसतं ते इथेच. अर्थनवेअर आणि पोर्सलीन यांच्या मधलं स्टोनवेअर : १,२०० ते १,३०० अंश, घट्ट, दगडासारखं, पण रंगाने करडं किंवा बदामी, आणि उजेड आरपार न जाणारं.

आता भांडं हातात घ्या आणि उलटं करा. वरचं ग्लेझ हा अंगावरचा सदरा आहे, कुणीही कसलाही घालावा. बुडाशी जे कडं टेकतं, तिथे बहुतेक भांड्यांना ग्लेझ नसतं, कारण असलं तर भांडं भट्टीत फळीला चिकटेल. त्या उघड्या कड्यावर खरी माती दिसते. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, नख फिरवलं तर काचेसारखी लागत असेल तर पोर्सलीन. करडी, बदामी, बारीक वाळूसारखी खरखरीत पण कठीण असेल तर स्टोनवेअर. लालसर किंवा खडूसारखी मळकट पांढरी असेल तर अर्थनवेअर. आणि कडंही ग्लेझने झाकलेलं असून बुडावर तीन बारीक टोचल्यासारख्या खुणा असतील, तर भांडं भट्टीत तीन टोकांच्या तिकाटण्यावर ठेवलं होतं. कमी आचेच्या ग्लेझला ही सोय परवडते, त्यामुळे अशा खुणा दिसल्या की मी आधी अर्थनवेअरच गृहीत धरतो.

मग त्या उघड्या कड्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मुरला आणि तिथे ओला डाग पडला, तर अर्थनवेअर. तसाच गोल बसून राहिला तर वरच्या जातीचं. अण्णा थेंबाची वाट बघत नसत, कड्याला जिभेचं टोक लावत. छिद्राळ माती जिभेला चिकटते, पोर्सलीन चिकटत नाही. दुकानात आलेल्या मालावर तुम्ही हे करू नका, पण घरच्या धुतलेल्या भांड्यावर जरूर करून बघा. एकदा ते चिकटणं कळलं की विसरत नाही.

आकड्यात खात्री हवी असेल तर स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा काढा. भांडं दिवसभर उन्हात कोरडं करून तोला, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी पुसून पुन्हा तोला. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागा आणि शंभराने गुणा. समजा ४०० ग्रॅमचा मग ४३२ भरला, तर तो ८ टक्के पाणी प्यायला, म्हणजे अर्थनवेअर. ४०८ भरला तर २ टक्के, स्टोनवेअर. ४०१ भरला तर पाव टक्का, पोर्सलीन. ढोबळ मानाने पोर्सलीन अर्ध्या टक्क्याच्या आत असतं, स्टोनवेअर एक ते तीन टक्क्यांच्या आसपास, आणि अर्थनवेअर पाचाच्या पुढे, पुष्कळदा दहाच्याही. यात एक मेख आहे. बुडासकट सगळीकडे अखंड ग्लेझ असेल तर पाणी आत शिरायला वाटच नाही आणि काटा खोटं बोलेल. आणि आजीच्या ठेवणीतली, सोन्याच्या कडेची किंवा जोडलेली वस्तू रात्रभर पाण्यात टाकू नका.

मायक्रोवेव्हही हेच सांगतो. चहा कोमट आणि कपाचा कान मात्र हाताला चटका देतोय, असं झालं तर बहुतेक वेळा त्या कपाच्या मातीत पाणी मुरलेलं असतं. मायक्रोवेव्ह आधी ते पाणी तापवतो.

उजेडाची परीक्षा सगळ्यांना आवडते, पण ती एकाच बाजूने खरी आहे. बशीमागे मोबाईलची बॅटरी लावा आणि मध्ये बोटं धरा. बोटांची सावली दिसली तर पोर्सलीन किंवा बोन चायना, म्हणजे हाडांची राख घातलेली जात. नाही दिसली म्हणून मात्र पोर्सलीन नाही असं होत नाही. हॉटेलातली जाड प्लेट पोर्सलीनची असूनही अंधारीच राहते. विजेच्या खांबावरचे जाडजूड इन्सुलेटर वर्षानुवर्षं पोर्सलीनचेच बनत आले, कारण ते पाणी पीत नाहीत आणि वीज वाहू देत नाहीत. त्यातून उजेड कसला जातोय!

टिचकी तर आपल्याकडे माठ घेतानाही मारतात. कप कानात बोट घालून लोंबता धरा, काठावर नखाने किंवा पेन्सिलीने हलकेच वाजवा. पोर्सलीन घंटेसारखं लांब वाजतं, अर्थनवेअर ठप्प बोलतं. पण तडा गेलेलं उत्तम पोर्सलीनही ठप्पच बोलतं, म्हणून टिचकीने मी जात ठरवत नाही, तडा शोधतो.

आणि भांडं कुठे टवका उडालेलं असेल तर बाकीच्या परीक्षा सोडा, टवक्याकडे बघा. पोर्सलीनमध्ये ग्लेझ आणि माती एकजीव झालेली असतात, कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते सांगता येत नाही. अर्थनवेअरमध्ये ग्लेझ सायीसारखं वर वेगळं दिसतं, आत खडूसारखा भुसभुशीत भाग.

आता फसवणाऱ्या वस्तू. १९९८ साली एका पुरवठादाराने मला बोन चायना म्हणून चाळीस सेट पाठवले. बिलावर तसंच लिहिलेलं. मी एक बशी उलटी केली तर उघडं कडं कुठेच नाही, खालून वरून सारखीच गुळगुळीत, आणि काठाला साच्याची बारीक रेघ. बॅटरी लावली तर उजेडात किंचित नारिंगी झाक. ती माती नव्हतीच, दुधी काच होती, जिला बाजारात ओपलवेअर म्हणतात. वस्तू म्हणून ओपलवेअर चांगलं आहे, हलकं आहे, पाणी पीत नाही. पण नाव दुसऱ्याचं लावून विकणं मला पटलं नाही आणि सगळा माल परत गेला.

खरं बोन चायना ही इंग्लंडची गोष्ट. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जोसाया स्पोडने १७९०च्या दशकात त्याचं प्रमाण बसवलं : निम्म्याच्या आसपास जनावरांच्या हाडांची राख, उरलेल्यात केओलिन आणि कॉर्नवॉलचा फेल्डस्पारयुक्त दगड. म्हणूनच त्याचा उजेड उबदार, सायीच्या रंगाचा असतो, तर कडक पोर्सलीनचा थंड, निळसर पांढरा. दोन्ही बश्या शेजारी धरल्या की फरक लगेच कळतो. आमच्याकडे जैन गिऱ्हाईक पुष्कळ, माळकरीही येतात. ‘मालक, यात खरंच हाडं असतात का?’ असं विचारलं की मी स्पष्ट ‘हो’ म्हणतो, आणि कुणी विचारलं नाही तरी कपाट उघडण्याआधी सांगतो. काही कारखाने हाडांऐवजी खनिज कॅल्शियम फॉस्फेट वापरतात, पण कारखान्याने तसं लेखी दिलं असेल तरच मी ते बोलतो. ज्यांना नको असेल त्यांनी साधं पोर्सलीन घ्यावं. त्यात राख नसते आणि रोजच्या वापराला तेही मजबूत आहे.

जयपूरची ब्ल्यू पॉटरी तर मातीच्या चाकावरची नव्हेच. तिचा मुख्य ऐवज गारगोटीची पूड, सोबत काचेची पूड, थोडी मुलतानी माती आणि डिंक. ती साच्यात दाबून जेमतेम ८०० - ८५० अंशांवर भाजतात. निळ्या-पांढऱ्या रंगामुळे लोकांना ती चिनी पोर्सलीनची बहीण वाटते. मी ती घरात शोभेलाच ठेवतो. तशीच जुनी, भडक रंगाची, कमी आचेवर भाजलेली कुठलीही भांडी. त्यांच्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, आणि चिंच, लिंबू, दही अशा आंबट पदार्थांनी ते बाहेर येतं.

आणि आपली लोणच्याची बरणी! वर तपकिरी, खाली पांढरट, घराघरात चिनी मातीची म्हणून मिरवणारी. ती पोर्सलीन नाही, स्टोनवेअर आहे. तिचं बूड बघा, बदामी दिसेल. यात कमीपणा काहीच नाही. मीठ, तेल, आंबट, सगळं वर्षभर पोटात घेऊन ती ढिम्म राहते, आणि पुरातही ती पोर्सलीनच्या रांगेत उभी राहिली. फक्त आतल्या ग्लेझवर केसासारख्या रेघांची जाळी पडली असेल, तर तीत धान्य ठेवा, लोणचं नको.

मग हे नाव चीनचं का? जिंगदेझेन या शहराजवळ गाओलिंग नावाची टेकडी आहे, केओलिन हा शब्द तिथून आला. आपल्या सिंधुदुर्गातही ही पांढरी माती निघते. युरोपने तर चिनी माल पाहून त्याला कवडीचंच नाव दिलं. पोर्सलीन हा शब्द कवडीच्या इटालियन नावावरून आलाय. घट्ट दह्याला आपण कवडीदार म्हणतो, तशीच ती नजर. पण गुपित कळायला त्यांना १७०८ - ०९ उजाडलं. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या राज्यकर्त्याने सोनं बनवण्यासाठी कैदेत ठेवलेल्या ब्योटगर या किमयागाराने, चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांच्या आधाराने, ते जमवलं आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला.

नजर बसवायची असेल तर मुंबईत एक दिवस काढा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातलं चिनी पोर्सलीन आहे, आणि भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जे.जे. कला शाळेतली एकोणिसाव्या शतकातली मातीची भांडी. पहिल्यात रंग ग्लेझच्या आत बुडालेला दिसतो. दुसरं ग्लेझ दिलेलं अर्थनवेअर आहे, त्याची माती रंगातूनही ऊब दाखवते. हात लावता येत नाही, पण काचेच्या कपाटाशी खाली वाकून बुडाचं कडं तरी शोधा.

आणि पुराचं किंवा गळक्या छताचं पाणी तुमच्या कपाटात शिरलंच, तर अर्थनवेअर धुऊन लगेच ओव्हनमध्ये किंवा गरम वरणाखाली घालू नका. आतलं पाणी एकदम वाफ होऊन बूड तडकतं. सावलीत आठ-दहा दिवस उलटं करून वाळवा, मग कोमट पाणी ओतून वास घ्या. गाळाचा वास आला तर ते भांडं कुंडीखाली ठेवायचं, जेवायला नाही.