ठिबक, शेततळं, गाळाचं अनुदान पाहिजे ना, मग आधी कागद आणि नंतर नळ्या

नळ्या आधी आणू नका भाऊ. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं एक धरून ठेवा. आमच्या काकांनी यावल तालुक्यातल्या दोन एकर केळीसाठी दुकानदाराच्या शब्दावर ठिबक उचललं, "पूर्वसंमती येतेच आहे, बिलाचं नंतर बघू" म्हणे, आणि पूर्वसंमती, म्हणजे माल घ्यायच्या आधीची कृषी खात्याची परवानगी, आली ती बिलाच्या तारखेनंतर. प्रस्ताव बाद झाला. काका अजून वावरात गेले की त्या नळ्यांकडे बघून गप्प होतात.

आणि गेलं किती ते बघा. केंद्राच्या प्रति थेंब अधिक पीक योजनेत अल्प-अत्यल्प भूधारकाला म्हणजे 2 हेक्टरपर्यंतवाल्याला 55 टक्के, त्यावर राज्याचं मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून 25 टक्के, असे 80 टक्के मिळतात. मोठ्या शेतकऱ्याला 45 अधिक 30, म्हणजे 75. मर्यादा 5 हेक्टरची. फक्त हे टक्के तुमच्या बिलावर नसतात, सरकारने ठरवलेल्या मापदंड खर्चावर असतात, तो दोन नळ्यांतल्या अंतरावर बदलतो, म्हणून दुकानदार "ऐंशी टक्के परत येतात" म्हणाला की लगेच खूश न होता कोटेशन आणि मापदंड शेजारी ठेवून बघायचं, वरचा फरक आपल्याच खिशातून जातो.

आता कागद. 15 एप्रिल 2025 पासून योजनांना फार्मर आयडी, म्हणजे जमिनीला जोडलेला शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, लागतो, तो नसेल तर पुढे जाताच येत नाही. तो काढताना तुमचे सगळे गट नंबर जोडले गेलेत का ते स्क्रीनवर स्वतः बघा, सामायिक खात्यातला एखादा गट हमखास राहून जातो आणि नेमकी विहीर त्याच गटात असते. नावाचंही तसंच, सातबाऱ्यावर सुकलाल, आधारला सुखलाल, पासबुकात आणखी तिसरंच. एका अक्षरासाठी माणूस तीन महिने तलाठी आप्पांकडे चकरा मारतो, म्हणून हे काम अर्ज करायच्या आधी उन्हाळ्यातच उरकून टाका. सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद आहे का तेही बघा, आणि ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरची पिकाची नोंद, वेळेवर करा.

बँकेचं एक सांगतो, पैसे येतात ते आधार ज्या खात्याला सीडिंग झालंय तिथे. नुसतं आधार लिंक असणं वेगळं आणि सीडिंग वेगळं, सीडिंग म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात पडावेत अशी नोंद. किती जणांचे पैसे कधीतरी उघडलेल्या जुन्याच खात्यात जाऊन पडलेत आणि ते बिचारे सोसायटीच्या खात्यात वाट बघत बसलेत. बँकेत जाऊन विचारून घ्या, पाच मिनिटांचं काम.

मग महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज. फी 23 रुपये 60 पैसे, त्याच्या वर सायबरवाला मागेल ती त्याची मजुरी, सरकारची फी नाही. पूर्वी लॉटरी लागायची, 2025 पासून प्रथम अर्ज प्रथम प्राधान्य झालंय, त्यामुळे "बघू नंतर" करत बसू नका. निवडीचा मेसेज आला की कागद अपलोड करा, पूर्वसंमती घ्या, आणि मगच नोंदणीकृत विक्रेत्याकडून जीएसटी बिलावर माल घ्या. नंतर कृषी सहाय्यक, ज्यांना आता सहाय्यक कृषी अधिकारी म्हणतात, ते मोका तपासणीला येतात आणि जिओटॅग फोटो काढतात. त्या दिवशी वावरात स्वतः थांबा. फिल्टर बसलेला, नळ्या अंथरलेल्या, पाणी सुरू, असं सगळं पाहिजे, गुंडाळलेल्या बंडलाच्या फोटोवर प्रस्ताव अडकतो. एकदा लाभ घेतला की त्याच क्षेत्रावर 7 वर्षं परत मिळत नाही.

जळगाववाल्यांनी अजून एक बघायचं, आपलं गाव पोकरात आहे का. पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, तो जिल्ह्यातल्या निवडक गावांत आहे, त्याचा अर्ज वेगळा असतो. धुळे-नंदुरबारच्या भावांनी सरळ महाडीबीटी धरावं.

शेततळ्याला मागेल त्याला शेततळे मधून आकारानुसार 75 हजारांपर्यंत मिळतात, नावावर ठरलेली किमान जमीन पाहिजे. साक्री-शिंदखेड्याकडच्या मुरमाड वावरात नुसतं खोदून पाणी थांबत नाही हे आधीच धरून चला, प्लास्टिक अस्तराचा घटक वेगळा आहे, त्याचा अर्जही लगेच टाका. दिवाळीपर्यंत कोरडं पडलेलं तळं बघितलंय मी, फार वाईट वाटतं.

आणि गाळ. धरणातला गाळ वावरात टाकायला गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार मध्ये अल्प-अत्यल्प शेतकऱ्याला एकरी 15 हजारांपर्यंत, जास्तीत जास्त अडीच एकराला म्हणजे 37 हजार 500 पर्यंत मदत आहे. मला स्वतःला ही योजना सगळ्यात आवडते, कारण तलावात पाणी वाढतं आणि हलक्या जमिनीवर कपाशी वेगळीच दिसते. ग्रामपंचायतीत मार्चमध्येच विषय काढा, पाऊस आला की ट्रॅक्टर आत उतरत नाही.

हे सगळं एवढं पोटतिडकीने का लिहितोय तर यावल-रावेरचं भूजल अतिशोषित यादीत आहे. केळीला पाणी लागतं, ते खालून उपसून उपसून आपण सातपुड्याच्या पायथ्यालाच बोअर कोरडे करून ठेवलेत. या महिन्यात एवढं करा, फार्मर आयडी उघडा आणि विहिरीचा गट त्यात आहे का ते बघा, नसेल तर आधी ते दुरुस्त करा, मग बाकीचं.