स्वमग्न मुलाच्या आहारात बदल करताना

गहू आणि दूध बंद केल्याने स्वमग्नता (ऑटिझम) कमी होते, असे ठामपणे सांगता येईल इतका पुरावा आजवर मिळालेला नाही. तरीही प्रयोग करायचाच असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे आणि एका वेळी एकच पदार्थ बदलून झोप, शौच व वागणूक यांची रोज नोंद ठेवावी. सोलापुरात गहू टाळणे तुलनेने सोपे आहे, कारण ज्वारीत ग्लुटेन (गव्हातील प्रथिन) नसते आणि भाकरी घरोघरी होतेच. मात्र गिरणीत गव्हानंतर लगेच ज्वारी दळल्यास पीठ मिसळते. दूध थांबवल्यास कॅल्शियमसाठी नाचणी व तीळ द्यावेत.

कडक भाकरी मूल आवडीने खात असेल आणि मऊ भात नाकारत असेल, तर तो हट्ट नसून स्पर्शसंवेदनेचा प्रश्न असू शकतो. अशा वेळी जबरदस्ती न करता, आवडत्या घासाशेजारी नव्या पदार्थाचा लहानसा तुकडा ठेवावा. सतत बद्धकोष्ठता असल्यास तिच्यावर आधी उपचार करावेत, कारण पोटदुखी सांगता न येणारे मूल चिडचिडीतून ती दाखवते.

मालिश किंवा संगीत आवडत असल्यास चालू ठेवावे, पण वाचा उपचार व ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे स्वतः करायला शिकवणारा उपचार) त्यासाठी थांबवू नये. शरीरातील जड धातू काढण्याचा कीलेशन उपचार मात्र स्पष्ट नाकारावा. 2005 मध्ये अमेरिकेत त्यातून एका स्वमग्न मुलाचा मृत्यू झाला होता.