सायबरपंक २०७७ : सुरुवातीची कमाई वॉटसनमध्येच करावी

नाशिकमधील आमच्या मित्रमंडळींत जो कोणी हा व्हिडिओ गेम नव्याने सुरू करतो, त्याला पहिल्या काही तासांतच एडींची, म्हणजे खेळातल्या पैशांची, चणचण भासू लागते. त्यावर सरळ उपाय असा, की ‘द हाइस्ट’ ही मुख्य मोहीम काही काळ बाजूला ठेवून खेळातील शहराचा वॉटसन हा भाग आधी पिंजून काढावा. कथा तुमच्यासाठी थांबते.

कामे मिळवून देणाऱ्या रेजिना जोन्स या पात्राकडून येणाऱ्या गिग, म्हणजे मोबदल्याची छोटी कामे, नकाशावर पाहून घ्याव्यात आणि जवळजवळच्या दोन-तीन गिग, तसेच वाटेत दिसणारी पोलिसांची छोटी कामे, एकाच फेरीत उरकावीत. प्रत्येक कामाचा तपशील मात्र शेवटपर्यंत वाचावा, कारण काही गिगमध्ये कोणाच्याही नजरेस न पडता काम पार पाडल्यास अधिक मोबदला मिळतो, आणि घाईत गोळीबार सुरू केला की तो हातचा जातो. पडलेल्या शत्रूंची शस्त्रे उचलावीत व नको असलेली ड्रॉप पॉइंटवर, म्हणजे सामान विकण्याच्या यंत्रावर, लगेच विकावीत. ओझे मर्यादेपलीकडे गेले की धावता येत नाही.

शरीरात यंत्रे बसवून देणाऱ्या व्हिक्टर या डॉक्टरचे २१,००० एडींचे देणे फेडण्याची अनेकांना घाई होते. त्यावर व्याज नाही आणि मुदतही नाही, त्यामुळे पहिली कमाई चांगल्या सायबरवेअरवर, म्हणजे शरीरात बसवायच्या यंत्रांवर, खर्च करणे माझ्या मते अधिक शहाणपणाचे ठरते.

एक खबरदारी घ्यावी : पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हाही जाते, म्हणून संगणकावर खेळताना प्रत्येक गिगपूर्वी एफ ५ दाबून खेळ जतन करावा.