नवी तुकडी रुजू होण्यापूर्वी: उड्डाण प्रशिक्षणातील नोंदी आणि प्रगती सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची तयारी

लष्करी उड्डाण प्रशिक्षणात एखाद्याचे उड्डाण थांबवावे की त्याला आणखी संधी द्यावी, हे ठरवणारे वरिष्ठ बहुधा त्याच्याबरोबर एकदाही विमानात बसलेले नसतात. त्यांच्यासमोर असते ती फाइल. त्यामुळे पुढची सगळी तयारी एकाच कसोटीवर घासून पाहावी: अनोळखी अधिकाऱ्याने ही फाइल उघडली, तर प्रशिक्षणार्थी आज कुठे आहे, तिथवर कसा आला आणि वाटेत त्याला कोणती मदत मिळाली, हे कोणालाही न विचारता त्याला कळेल का?

तुकडी येण्याच्या किमान दोन आठवडे आधी प्रत्येकाच्या नावाची फाइल उघडून ठेवावी आणि आधीच्या संस्थेकडून आलेली कागदपत्रे तपासून घ्यावीत. वैद्यकीय पात्रतेचे प्रमाणपत्र, शरीरक्रियाविषयक प्रशिक्षणाचा (उड्डाणाचे शरीरावर होणारे परिणाम ओळखण्याच्या प्रशिक्षणाचा) दाखला, इजेक्शन सीटचे (आणीबाणीत वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनाचे) आणि पाण्यातून जीव वाचवण्याचे प्रशिक्षण या प्रत्येकाची मुदत कधी संपते ती तारीख फाइलच्या पहिल्याच पानावर लिहावी, कारण आत कुठेतरी पडलेली मुदत नेमकी उड्डाणाच्या सकाळी सापडते आणि त्या दिवशीचे विमान रिकामे राहते. इजेक्शन सीटला वजनाची वरची मर्यादा असते तशी खालचीही असते. म्हणून वजन, बसल्यावरची उंची आणि हातापायांची पोहोच ही मापे जुन्या अर्जावरून उतरवून न घेता, ज्या विमानात शिकवायचे त्याच्याच कॉकपिटमध्ये प्रत्यक्ष बसवून खात्री करून घ्यावी. हेल्मेट आणि ऑक्सिजन मास्क नीट बसतात की नाही, हेही याच भेटीत उरकावे.

त्यानंतर अभ्यासक्रमाची चालू आवृत्ती कोणती, हे लेखी निश्चित करावे आणि तीच प्रशिक्षक, प्रशिक्षणार्थी आणि सिम्युलेटर विभाग अशा तिघांच्या हाती आहे याची खातरजमा करावी. अमेरिकी हवाई दल आणि नौदलात प्रत्येक टप्प्यातल्या प्रत्येक कौशल्यासाठी टप्पा संपताना किती पातळी गाठलेली हवी, याचा तक्ता आधीच छापलेला असतो. पातळ्या ‘जमत नाही’, ‘बरे’, ‘चांगले’ आणि ‘उत्कृष्ट’ अशा चढत्या क्रमाने असतात. या पद्धतीचा मोठा फायदा असा, की प्रशिक्षणार्थीची तुलना शेजारच्याशी न होता ठरलेल्या मानकाशी होते, आणि चौथ्या उड्डाणात ‘बरे’ मिळाले म्हणजे अपयश नव्हे, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते. आपल्या संस्थेची पद्धत वेगळी असली तरी असा तक्ता तयार असावा आणि तो पहिल्याच दिवशी प्रशिक्षणार्थीला दाखवावा. ज्या मोजपट्टीने मोजणार ती त्याच्यापासून लपवून ठेवण्यात कोणाचाच फायदा नाही.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो ग्रेडशीटला, म्हणजे प्रत्येक उड्डाणातल्या ग्रेड आणि शेऱ्यांच्या पत्रकाला. प्रत्येक सॉर्टीची (एकेका प्रशिक्षण उड्डाणाची) ग्रेडशीट त्याच दिवशी भरून, प्रशिक्षणार्थीने वाचून, दोघांच्या सह्या होऊन फाइलला लागली पाहिजे. दुसऱ्या दिवसापर्यंत प्रशिक्षकाच्या डोक्यात आणखी दोन विद्यार्थ्यांच्या चार-पाच लँडिंग जमा झालेल्या असतात, आणि मग शेरा उरतो तो ‘लँडिंग कमकुवत, सराव हवा’ एवढाच. हा शेरा खोटा नाही, पण कामाचाही नाही. त्याऐवजी प्रशिक्षकाने असे लिहावे: ‘पाच लँडिंगपैकी तीन वेळा धावपट्टीपासून बराच वर असतानाच विमानाचे नाक वर ओढायला सुरुवात केली, वेग घटून विमान तरंगत राहिले, दोनदा मला पॉवर द्यावी लागली, नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाऐवजी विमानाच्या नाकाखाली जात होती, चौथ्या लँडिंगपूर्वी हे सांगितल्यावर शेवटच्या दोन लँडिंग कोणतीही मदत न घेता केल्या.’ या एका शेऱ्यात चूक, तिचे कारण, दिलेला उपाय आणि त्याचा परिणाम असे चारही भाग आले, आणि पुढच्या प्रशिक्षकाला विमानात बसण्यापूर्वीच कळले की कुठे पाहायचे. तुकडी येण्यापूर्वी प्रशिक्षकांची एक बैठक घेऊन अशा चांगल्या-वाईट शेऱ्यांचे नमुने समोर ठेवावेत. ‘वृत्ती योग्य नाही’ किंवा ‘आत्मविश्वास कमी’ यांसारखी स्वभावावरची विधाने तर, ती कशावरून केली ते लिहिलेले नसेल तर, सरळ परत पाठवावीत. प्रशिक्षकांना हे आवडत नाही. पण शेरा परत पाठवल्याचा राग दोन दिवस टिकतो आणि मोघम शेरा फाइलमध्ये कायमचा राहतो.

प्रशिक्षकाने जे घडले तेच लिहावे, म्हणजे चूक झाली तर चूक आणि मदत केली तर मदत, या आग्रहामागे इतिहासही आहे. १९१७ मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी ब्रिटनमधील गॉसपोर्ट येथे दुहेरी नियंत्रणे असलेली विमाने वापरून शिकवण्याची नवी रीत बसवली. धोकादायक समजल्या जाणाऱ्या स्थितींपासून शिकाऊ वैमानिकाला दूर न ठेवता त्या मुद्दाम घडवून त्यांतून बाहेर पडायला शिकवावे, आणि प्रशिक्षकाने उडतानाच बोलण्याच्या नळीतून त्याच्याशी बोलत राहावे, हा तिचा गाभा होता. चूक होऊ देऊन शिकवायचे, तर चुकीची नोंद ही तक्रार ठरत नाही, हे प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दोघांनाही पटलेले असावे लागते.

वेळापत्रक आखताना आकडेमोड सढळ हाताने करावी. उदाहरणादाखल, २० प्रशिक्षणार्थींना प्रत्येकी ६० सॉर्टी द्यायच्या असतील तर १,२०० सॉर्टी लागतात. पण हवामान, तांत्रिक बिघाड आणि आजारपण यांमुळे पाचातली एक रद्द होणार असे धरले तर आखणी १,५०० सॉर्टींची करावी लागते. रद्द झालेल्या प्रत्येक सॉर्टीचे कारण वेगळ्या रकान्यात लिहावे, नाहीतर तीन महिन्यांनी एखादा मागे का पडला हे सांगताना हवामानाचा दोष त्याच्या माथी बसतो. दोन उड्डाणांमध्ये लांब खंड पडला असेल तर अभ्यासक्रमाच्या नियमानुसार उजळणीची सॉर्टी द्यावी आणि ती उजळणीचीच होती असे ग्रेडशीटवर स्पष्ट लिहावे. सोलोपर्यंतच्या (पहिल्यांदा एकट्याने उडेपर्यंतच्या) टप्प्यात शक्यतो एकच प्रशिक्षक ठेवावा, कारण रोज नव्या आवाजात त्याच सूचना ऐकणारा शिकाऊ वैमानिक उडण्यापेक्षा प्रशिक्षक ओळखण्यातच दमतो. मात्र सोलोपूर्वीची तपासणी त्या प्रशिक्षकाने न करता दुसऱ्याने करावी. विश्रांतीचा नियम वेळापत्रकाच्या तक्त्यातच बसवलेला असावा. अमेरिकी हवाई दलात उड्डाणाच्या कामापूर्वी १२ तासांची सुटी आणि त्यात सलग ८ तास झोपेची संधी अपेक्षित असते, आणि रात्रीच्या सॉर्टीनंतर सकाळचा वर्ग ठेवला की हा हिशेब पहिल्यांदा चुकतो.

प्रगतीचा आढावा दर आठवड्याला ठरलेल्या वारी घ्यावा आणि त्यात एकेका ग्रेडपेक्षा कल पाहावा. सावकाश पण सतत वर चढणारा आणि एकाच चुकीभोवती फिरत राहणारा, या दोघांच्या आजच्या ग्रेड कदाचित सारख्याच असतील, पण दोघांची गरज वेगळी असते. दुसऱ्या प्रकारच्या प्रशिक्षणार्थीला विशेष देखरेखीखाली घेताना त्याला समोर बसवून ते सांगावे आणि कारण, मुदत, जादा सिम्युलेटर किंवा जमिनीवरची शिकवणी असे सगळे लेखी द्यावे. देखरेख ही शिक्षा नाही, हे तोंडी सांगून त्याला पटत नाही. मदत खरोखर मिळाली तरच पटते. उड्डाणात मळमळणे ही सुरुवातीला नेहमीची बाब असली तरी प्रत्येक वेळेची नोंद करावी, म्हणजे हवाई वैद्यकीय अधिकाऱ्याला फिरत्या खुर्चीत बसवून शरीराला गरगरण्याची सवय लावण्याचा उपचार वेळेत सुरू करता येतो. घरच्या अडचणींची माहिती प्रशिक्षणाच्या फाइलमध्ये घालू नये. ती वेगळ्या पाकिटात, मोजक्याच लोकांना पाहता येईल अशी ठेवावी.

सॉर्टी अपयशी ठरल्यानंतर पुढे काय होते, याची साखळी भिंतीवर लावता येईल इतकी स्पष्ट असावी. अमेरिकी पद्धतीत आधी एक प्रगती-तपासणी आणि तीत न जमल्यास दुसरी, निर्णायक तपासणी होते. तिथले प्रशिक्षणार्थी बोलताना त्यांना नुसते ‘८८’ आणि ‘८९’ म्हणतात, आणि हे आकडे उच्चारताना आवाज खाली येतो. कोणतीही पद्धत असली तरी तपासणी घेणारा प्रशिक्षक त्या विद्यार्थ्याशी आधी जोडलेला नसावा. त्याला फाइल वाचायला पुरेसा वेळ मिळावा, आणि तपासणी कोणत्या कौशल्यांची आहे हे प्रशिक्षणार्थीला आदल्या दिवशी कळलेले असावे. प्रकरण रिव्ह्यू बोर्डाकडे (उड्डाण थांबवायचे की नाही हे ठरवणाऱ्या वरिष्ठांच्या मंडळाकडे) गेलेच तर ग्रेडशीट तारखेच्या क्रमाने लावाव्यात, रद्द सॉर्टी आणि खंड यांचा एका पानाचा तक्ता जोडावा, दिलेल्या जादा सॉर्टींची संख्या लिहावी आणि प्रशिक्षणार्थीचे लेखी म्हणणे सगळ्यांच्या वर ठेवावे, तळाशी नव्हे. बोर्डासाठी म्हणून कोणताही शेरा नव्याने लिहून घेऊ नये. तो मागाहून लिहिला आहे, हे शाईवरूनसुद्धा कळते.

रजा, वेतन, निवास आणि ओळखपत्र यांची कामे एकाच लिपिकाकडे सोपवून आठवड्यातून एकदा पाहिली तरी पुरतात. परदेशी प्रशिक्षणार्थी असतील तर रेडिओवरच्या भाषेची चाचणी पहिल्या उड्डाणापूर्वी घ्यावी, म्हणजे न समजलेली सूचना आणि न जमलेले उड्डाण यांची गल्लत होत नाही.

तुकडी संपण्याच्या आठवड्यात प्रत्येकाचे लॉगबुक आणि संस्थेच्या उड्डाण नोंदी ओळीने ओळ जुळवून पाहाव्यात. दशांश तासांत लिहिलेल्या नोंदीत ०.१ चा फरक म्हणजे सहा मिनिटे. एवढ्याने काय बिघडते असे वाटते, पण असे दहा फरक एका लॉगबुकात जमले की एक तास होतो, आणि पुढच्या विमानावर जाण्यासाठी नेमका तेवढाच तास कमी पडू शकतो. फरक सापडला की कोणाची नोंद बरोबर आहे हे त्या दिवशीच्या उड्डाण आदेशावरून ठरवावे, चुकीची ओळ वाचता येईल अशी एकाच रेघेने खोडावी, बाजूला तारखेसह सही करावी आणि मगच फाइल पुढच्या तळाकडे पाठवावी.